हितून पुढचं माझं

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते हरभरा भिजत घालायचं. घोड्यांसाठी रोजचंच काम होतं. बादलीत मी हरभरा ओतायचा, तिनं पाणी घालायचं, हात घालून ढवळायचं आणि वर आलेला पोचट दाणा काढून कोंबड्यांपुढं टाकायचा. मग बादलीवर पत्र्याची पाटी पालथी घालायची, वर दगड. त्या दिवशी ती म्हणाली, "दोन मुठी ज्यादा घाला. लंगडीच्या बरगड्या दिसाय लागल्यात." मी दोन मुठी घातल्या. दगड ठेवताना कंबरेला हात लावून ती "आई गं" म्हणाली. ते ती रोजच म्हणायची, म्हणून मी वर बघितलंसुद्धा नाही. मग पिठलं-भाकरी खाल्ली आणि झोपलो.

बादलीवरची ती पाटी निळ्या पत्र्याची आहे. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, 'जनावरास इजा झाल्यास पागा जबाबदार राहणार नाही.' मी चौथीपर्यंत शिकलोय, तेवढं वाचता येतं. पाटी हिच्या भाच्यानं करून आणली होती. तो बारामतीच्या कोर्टात वकील आहे. फाटकावर दोन खिळे मारून त्यानं स्वतः लावली, चहा घेतला आणि गेला. त्याची मोटरसायकल वळणाआड गेली तसे हिनं खिळे उपटले. महिन्यानं तो परत आला.

"मावशी, पाटी कुठाय?"

"हाय की. हरभऱ्यावर हाय."

"अगं, ती लोकांना दिसायला पाहिजे."

"लोकांनी काय बघायचं? मी सांभाळते म्हणून घोडं घ्यायचं, आन दारातच लिव्हायचं की सांभाळणार न्हाय? मग त्यांनी माझ्याकडं आणावं कशाला?"

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. "काका, तुम्ही तरी सांगा." मी काय सांगणार? पागा तिची होती. मी तिच्याकडं गडी असल्यासारखाच होतो, फक्त गड्याला सुट्टी मिळते.

तिचं नाव मी पंचेचाळीस वर्षांत तोंडानं घेतलं नाही, आता कागदावरही घेत नाही. ती मला "अवो" म्हणायची. काटेवाडीत लोक तोंडावर मावशी म्हणायचे आणि माघारी घोडेवाली. आम्हाला मूल झालं नाही, म्हणून ही घोडी सांभाळते असं बायका बोलायच्या. ते खोटं आहे. तिचा बाप इंदापूरच्या बाजूला वरातीला घोडी द्यायचा. ही त्या घोडीच्या पायात लहानाची मोठी झाली. मूल झालं असतं तरी ते हिनं घोड्याच्या पायातच वाढवलं असतं.

मी बैलाचा माणूस. तीस हंगाम माझ्या जोडीनं माळेगावला कारखान्यावर ऊस ओढला. मग ट्रॅक्टर आले, माझे गुडघे गेले, बैल विकून टाकले. गोठा रिकामा पडला तेव्हा ही म्हणाली, "पागा करू." मी हसलो. पण बारामतीत हौसेनं घोडी घेतलेली माणसं होती आणि बंगल्यात घोडं बांधायला जागा नसते. पहिलं घोडं एका दातांच्या डॉक्टरचं आलं. मग एकेक करत पाच झाली. सहावी तिची स्वतःची, बापाच्या घोडीची नात, कपाळावर पांढरा ठिपका असलेली.

घोडं ठेवून घ्यायची तिची एक रीत होती. त्या रीतीवरनं लोक हसायचे. मालक घोडं घेऊन आला की ती आधी त्याला चप्पल काढायला लावायची. मग त्याला बरोबर घेऊन घोड्याच्या भोवतीनं फिरायची. चारी पाय खालपासून वर चाचपायची, दात बघायची, पाठीवरनं तळवा फिरवायची. कुठं व्रण, कुठं गाठ, कुठं केस गेलेले, एकेक खूण दाखवून विचारायची.

"ह्यो मागल्या पायाचा व्रण कुणाचा?"

"जुना आहे मावशी, तारेत अडकला होता."

"जुना असू दे. कुणाचा?"

"माझा."

"मोठ्यानं म्हणा."

सगळ्या खुणा मालकानं अशा आपल्या म्हणून घेतल्या की ती घोड्याच्या कपाळावर हात ठेवायची आणि म्हणायची, "आता हितून पुढचं माझं." घोडं परत नेतानाही तसंच. फेरी मारायची, दाखवायचं, आणि मग, "आता तुमचं." एकदा एक फौजदार आला होता. तो म्हणाला, "मावशी, घोडा ठेवून घेताय का पंचनामा करताय?" ही म्हणाली, "पंचनामाच. तुमी मेल्यावर करता, मी जित्यापणी करते." फौजदारानं गपगुमान चप्पल काढली.

ती स्वतः कधी घोड्यावर बसली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "भाकरी थापणारी बाई भाकरीवर बसती का?" लोकांच्या घोड्यांशी ती अहो-जाहो करून बोलायची. "सरका की जरा. पाय उचला. किती लीद टाकताय." ती पाव्हणी हायती म्हणायची. स्वतःच्या घोडीला मात्र अगंतुगं, आणि शिव्यासुद्धा. दारू प्यालेल्या मालकाला ती फाटकातनं आत घ्यायची नाही. एका बिल्डरला तिनं दोन तास बाहेर बांधावर बसवून ठेवलं होतं. तो तिथंच झोपला. उठल्यावर तिनं त्याला ताक दिलं आणि मग घोड्याजवळ सोडलं.

आमची भांडणं व्हायची ती गाठीवरनं. घोड्याला पुढून दोर बांधतात ती अगाडी, मागच्या पायाला पट्टा घालून खुंट्याला बांधतात ती पिछाडी. तो दोर खुंट्याला सुरगाठीनं बांधायचा असा तिचा हुकूम होता. एक टोक ओढलं की गाठ मोकळी. मी जन्मभर बैल निरगाठीनं बांधले. निरगाठ ओढली की आणखी आवळते. बैलाला तीच लागते.

"सुरगाठ मारली तर सुटून पळंल घोडं," मी म्हणायचो.

"पळू दे. पळालेलं घावतंय. आग लागली, साप निघाला, तर एका हिसक्यात सुटलं पायजे."

"तीस वर्सात माझा बैल कवा सुटला न्हाय."

"तुमचा बैल जाग्यावर उभा राहून मरतो. घोडं तसं मरत न्हाय."

रोज संध्याकाळी ती सगळ्या खुंट्यांवरनं फिरायची आणि एकेक गाठ ओढून बघायची. सुटली की परत मारायची. मला वाटायचं, बांधायचं आणि सोडायचं, ह्या बाईला दुसरं काम नाही.

वरकुट्याचा एक डाळिंबवाला होता. चाळिशीचा, कमी बोलणारा. त्यानं लांबून एक काळी घोडी आणली होती. घरी बांधायला नीट जागा होईपर्यंत आमच्याकडं ठेवली. तिच्या अंगावर एकच खूण निघाली, कानाच्या मागं मोहरीएवढा चामखीळ. "माझा," तो म्हणाला. हिनं कपाळावर हात ठेवला.

घोडी तापट होती. नवी जागा तिला सोसेना. आल्यापासून चौथ्या दिवशी ही चष्म्याचा नंबर काढायला बारामतीला गेली. जाताना म्हणाली, "पाणी दाखवून बांधा सगळी." मी पाणी दाखवून सगळी बांधली. काळीनं हिसका दिला, पिछाडी सुटली. परत बांधली, परत सुटली. मागं फिरून माझ्या मांडीवर लाथ मारली. मला राग आला. तिसऱ्यांदा मी निरगाठ मारली. विसरून नाही मारली. हात चुकला असंही नाही. म्हणलं, आता सुट कशी सुटती ती.

दुपारी शेजाऱ्यानं पाचट पेटवलं. ऊस तुटून गेला की रानात पाचट राहतं, ते इथं सगळेच जाळतात. सांगायची रीत आहे, त्यानं सांगितलं नाही. वारा फिरला. धूर आधी आला, मग ठिणग्या आल्या, आणि पागेच्या छपराच्या एका कोपऱ्यानं पेट घेतला. घोडी नाचायला लागली. मी धावलो. पाच गाठी ओढल्या, पाच घोडी सुटून मोकळ्या रानात पळाली. एकेका हिसक्यात. सहावी सुटेना. काळी मागच्या पायावर सगळं अंग टाकून ओढत होती, तशी माझी गाठ आवळत होती. मी खाली बसून नखांनी ती सोडवत होतो. माझीच गाठ आणि मलाच सुटेना. वर छप्पर पेटलेलं.

धूर बघून ही सडकेवरच जीपमधनं उतरली आणि पळत आली. घरात जाऊन विळा आणला. दोर कापला. घोडी सुटली, तीन पावलं गेली आणि खाली बसली. मागच्या पायाच्या खुराच्या वर पट्ट्यानं मांस कापून आत शीर तुटली होती. शेजाऱ्यानं आणि मी टाकीचं पाणी मारून छप्पर विझवलं. वळून बघितलं तर ही खुंट्यापाशी उभी. खुंट्यावर राहिलेली गाठ बघत होती. माझ्याकडं बघितलं नाही.

जनावरांचा डॉक्टर आला, टाके घातले. म्हणाला, जगेल, पण ह्या पायावर भार देऊन परत चालायची नाही.

दुसऱ्या दिवशी डाळिंबवाला आला. भाचाही आला होता, कुणी कळवलं कोण जाणे. त्यानं हिला आधीच बाजूला घेतलं.

"मावशी, तू काही बोलू नकोस. आग शेजाऱ्यानं लावली. वारा देवानं सोडला. घोडी मुळात नाठाळ, ते त्यानं तुला सांगायला पाहिजे होतं. तुझा संबंध येतोच कुठं?"

"घोडी कुठं बांधली हुती?"

"तुझ्या पागेत."

"मग झालं."

"अगं, कायद्यात असं होत नाही."

"कायद्यात न्हाय झालं. माझ्यात झालं."

शेजारी म्हणाला, "वारं फिरंल ह्ये मला काय सपान पडलं हुतं का?"

डाळिंबवाला ह्यातलं काही ऐकत नव्हता. तो घोडीच्या डोक्यापाशी जमिनीवर बसला होता. त्यानं भरपाई मागितली नाही, आवाज चढवला नाही. एकच विचारलं.

"बाकीची पाच सुटली. हिला कुणी बांधलं हुतं?"

मी तोंड उघडलं. हे मी देवाशपथ सांगतो, तोंड उघडलं होतं.

"म्या," ही म्हणाली.

मी तोंड मिटलं.

भाच्याला माहीत होतं की ही त्या दुपारी बारामतीत होती, चष्म्याच्या दुकानात तोच तिला घेऊन गेला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. वकील माणूस, तोही गप्प राहिला.

हिनं तिची घोडी सोडून आणली, ठिपक्याची, आणि दोर डाळिंबवाल्याच्या हातात दिला. "मावशी, ह्ये नको," तो म्हणाला. ती म्हणाली, "चपला काढा." त्याला घोडीच्या भोवतीनं फिरवलं. "बघून घ्या. गुडघ्यावर जुना ओरखडा हाय, तो माझा. बाकी काय न्हाय." मग घोडीच्या कपाळावरनं हात काढला. "आता तुमची. काळी हितंच राहू द्या, तिला टेम्पोत चढवता यायची न्हाय." त्यानं घोडी नेली. त्याला दोष देता येत नाही, त्याचं जनावर गेलं होतं. बापाच्या घरचं तिच्याकडं तेवढंच राहिलं होतं, तेही गेलं. त्या दिवसापासून काळीला ती अगंतुगं करायला लागली. लोक काळीला लंगडी म्हणायला लागले आणि आम्हीही.

आठ दिवसांत दोन मालकांनी घोडी नेली. सहाची तीन राहिली. डेअरीवर दूध आणायला गेलो की माणसं मला चहा पाजायची.

"बाईमाणसाला गाठ मारता येती व्हय? पागा काढून बसली."

"आबा, तुमी बांधलं असतं तर ह्ये झालं नसतं. तुमच्या हातची गाठ अशी हुती का?"

मी तो चहा प्यायलो. एक दिवस नाही, कितीतरी दिवस. शरमेनं म्हणा, तीस वर्षांच्या तोऱ्यानं म्हणा. मी गप्प बसलो, एवढं खरं.

ती कापलेली गाठ हिनं खुंट्यावरनं उतरवून पागेतल्या खिळ्याला अडकवली. मला वाटलं, आता बोलेल. नाही बोलली. त्याच संध्याकाळी दोर माझ्या हातात देऊन म्हणाली, "बांधा." तिन्ही घोड्यांच्या गाठी मला मारायला लावल्या आणि मागनं येऊन एकेक ओढली. दुसऱ्या दिवशी तेच. चार वर्षं तेच. पावसात, तापात, घरात पाव्हणे असले तरी. मी बांधायचं, तिनं ओढून बघायचं. ती मला शिक्षा होती का तिनं माझ्यावर टाकलेला भरवसा होता, मला अजून कळलेलं नाही. विचारायची सोय राहिली नाही.

एकदा मी काढलं होतं. लंगडीला खरारा करत होतो. म्हणलं, "त्या दिवशी काळीची गाठ..."

"पाणी दाखवलं का तिला?" ही म्हणाली.

"दाखवलं."

"मग बडबडू नका. मान खाली घाला आन पोटाखालनं घासा."

दुसऱ्या वर्षी इंदापूरला तिच्या माहेरचं लग्न होतं. येताना ती म्हणाली, "वरकुट्याला जाऊ." कशाला हे मी विचारलं नाही. डाळिंबाच्या बागेला तारेचं कुंपण, आत शेड, शेडमध्ये ठिपक्याची उभी. चांगली पोसलेली होती. ही तारेच्या बाहेर थांबली. घोडीनं मान वर केली, कान पुढं घेतले आणि खिंकाळली. डाळिंबवाला बाहेर आला.

"आत या की मावशी."

"न्हाय. आत आले तर तिला वाटंल न्यायला आली." मग घोडीच्या मागच्या पायाकडं बघून म्हणाली, "पिछाडी ढिली ठेवा जरा, पट्टा काचतोय."

आणि वळली. फाट्यापर्यंत मी मागं आणि ती पुढं. पदर तोंडाला लावलेला होता. त्या दिवशी तरी मी बोलायला पाहिजे होतं. तो माणूस समोर होता, घोडी समोर होती, हिचं तोंड समोर होतं. मी म्हणलं, "एसटी चुकंल." काय तर, एसटी चुकेल.

दोन मुठी ज्यादा हरभरा भिजत घातला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. रोज माझ्या आधी उठायची. मी हात लावला, गार होती. कधी गेली कळलं नाही. मी शेजारीच होतो आणि मला कळलं नाही. मी तिच्याजवळ बसलो. बाहेर घोडी खिंकाळायला लागली, त्यांची वेळ झाली होती.

मी उठलो. बादलीवरचा दगड काढला, पाटी उलटी करून भिंतीला लावली, पाणी निथळून काढलं. हरभरा चांगला फुगला होता. लंगडीला आधी घातला, मग बाकीच्या दोघांना. ह्यावरनं गाव मला अजून नावं ठेवतं, घरात बायको मरून पडलेली आणि म्हातारा घोड्यांना चारत होता. त्यातली दोन लोकांची होती. कपाळावर हात ठेवून तिनं ती घेतली होती.

मग खिळ्यावरची गाठ काढली. चार वर्षांत वाळून दगडासारखी झालेली. सोडवून बघितली, सुटली नाही. ती खिशात घातली आणि वरकुट्याला फोन लावला.

"बोला आबा. सकाळी सकाळी?" त्याच्या मागं मोटर चालू होती.

"त्या दिवशी काळीला म्या बांधलं हुतं. निरगाठ म्या मारली. ती तवा बारामतीला हुती, चष्म्याला."

मोटर बंद झाल्याचं ऐकू आलं.

"मावशी कुठायत?" तो म्हणाला.

"गेली. रातच्यालाच."

मला वाटलं फोन ठेवला त्यानं.

"माती किती वाजता?"

"अकराला धरा."

"येतो," तो म्हणाला. गाठीचं काही बोलला नाही.

मग मी बांधावर जाऊन शेजाऱ्याला हाक मारली आणि ही गेल्याचं सांगितलं. तो आणि त्याची बायको पळत आली. बायको आत गेली आणि तिनं हंबरडा फोडला. शेजारी मला शोधत पागेत आला, तेव्हा मी लंगडीची पिछाडी बांधत होतो. सुरगाठ मारली. ओढून बघितली, सुटली. परत मारली आणि पुढच्या खुंट्याकडं गेलो.